सोसणे म्हणजे संस्कार नव्हे

(महाविद्यालयीन वर्षाच्या प्रारंभी झालेल्या पालक व कार्यकर्त्यांच्या एकत्रीकरणातील बौद्धिकाचे शब्दांकन)



जून-जुलै महिना आला की अनेक घरांत एकच दृश्य दिसते. बारावी उत्तीर्ण झालेला मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी प्रथमच घराबाहेर पडत असते. आई डब्यांत लाडू-चिवडा भरते, वडील शुल्काच्या पावत्या आणि दाखल्यांच्या प्रती पुन्हा पुन्हा मोजतात, आजी देवापुढे साखर ठेवते. निघताना प्रत्येक जण काही ना काही सांगतो. वेळेवर जेव, अभ्यासात लक्ष दे, मोठ्यांना उलटून बोलू नकोस, सर्वांशी जुळवून घे. या उपदेशात चुकीचे काही नाही. परंतु त्यात एक वाक्य बहुधा राहून जाते. 'तुझ्यावर अन्याय झाला तर तो मुकाट्याने सोसू नकोस. सर्वप्रथम आम्हाला सांग,' हे ते वाक्य होय. आजचा विषय या राहून गेलेल्या वाक्याचा आहे.

रॅगिंग हा शब्द आपल्या घरांत आता सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्याविषयी एक विचित्र सौम्य भाव समाजात आढळतो. 'थोडी गंमत चालायचीच', 'आमच्या वेळीही होते, त्याने मुले धीट होतात', अशी वाक्ये सुशिक्षित माणसेही सहज उच्चारतात. नवागताची ओळख करून घेणे, त्याला गाणे म्हणावयास लावणे येथपासून हा प्रकार सुरू होतो आणि रात्र-रात्र जागे ठेवणे, कपडे उतरविण्यास भाग पाडणे, मद्य पिण्याची सक्ती, पैसे उकळणे, मारहाण येथवर जाऊन पोहोचतो. गंमत कोठे संपली आणि छळ कोठे सुरू झाला, हे ठरविण्याचा अधिकार छळ करणाऱ्याकडे असू शकत नाही. ज्याच्यावर तो प्रसंग ओढवतो त्याला भय वा लज्जा वाटली, की गंमत तेथेच संपते.

कायदा कसा घडला

या देशातील रॅगिंगविरोधी कायद्यांचा इतिहास दुर्दैवाने निष्पाप तरुणांच्या मृत्यूंनी लिहिला गेला आहे. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये तामिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाला शिकणाऱ्या पोन नवरसू या विद्यार्थ्याची हत्या झाली. त्याचे वडील स्वतः मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. एका कुलगुरूचा मुलगा वसतिगृहात सुरक्षित नसेल तर सामान्य घरातल्या मुलाचे काय, हा प्रश्न तेव्हा अवघ्या समाजाला पडला. १९९७ मध्ये तामिळनाडूने रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्या खटल्यातील आरोपी उच्च न्यायालयात सुटला होता; मात्र २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. न्यायाला पंधरा वर्षे लागली, पण तो झाला.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतःचा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्व जागृति मिशनच्या याचिकेवर देशभरातील शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००७ मध्ये तिचा अहवाल आला. एवढे होऊनही ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मरण पावला. २०१० मध्ये चार जणांना प्रत्येकी चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अमनच्या वडिलांनी पुत्रशोक उरात ठेवून रॅगिंगविरोधी कार्याला वाहून घेतले. त्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने बंधनकारक विनियम काढले आणि राष्ट्रीय मदत क्रमांक सुरू झाला.

म्हणजे आज कायदा नाही, अशी स्थिती नाही. अडचण वेगळीच आहे. कायदा कपाटात आहे, फलक भिंतीवर आहे, प्रतिज्ञापत्र प्रवेशअर्जाला जोडलेले आहे. आणि मुलगा मात्र खोलीचे दार लावून एकटा बसलेला आहे. ते प्रतिज्ञापत्र पालकांनीही भरावयाचे असते. किती पालकांनी स्वाक्षरी करण्यापूर्वी ते वाचले, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

अधिकार कोणते, वाट कोणती

महाराष्ट्राच्या अधिनियमात काय आहे, हे प्रत्येक पालकाला तोंडपाठ असावे. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा पोहोचविणारे, भय, लज्जा वा संकोच निर्माण करणारे वर्तन म्हणजे रॅगिंग. चिडविणे, शिवीगाळ, धमकी, अंगाशी येणारी थट्टा हे सर्व त्यात येते. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

याहून महत्त्वाचा भाग संस्थाप्रमुखाच्या दायित्वाचा आहे. विद्यार्थी, पालक वा शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार केली, तर सात दिवसांच्या आत प्राचार्यांनी चौकशी केली पाहिजे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार तत्काळ पोलीस ठाण्याकडे पाठविली पाहिजे. तथ्य नसल्यास तसे तक्रारदाराला लेखी कळविले पाहिजे. प्राचार्यांनी यात कुचराई केली, तर त्यांनी अपराधाला साहाय्य केले असे कायदा मानतो. 'संस्थेचे नाव खराब होईल, आपसांत मिटवून घ्या,' असे सांगणाऱ्या प्राचार्यांना ही तरतूद नम्रपणे, पण स्पष्टपणे दाखविता येते.

आयोगाच्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती आणि पथक असावे लागते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची राहण्याची व्यवस्था शक्यतो स्वतंत्र असावी, सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी असावा, असेही त्यांत सांगितले आहे. गुन्हा घडल्याचे दिसत असेल तर चोवीस तासांत पोलिसांकडे प्राथमिक माहिती अहवाल नोंदविण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर आहे. २०१६ मधील दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, प्रदेश, भाषा, रूप, आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळही रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे आणला.

प्रत्यक्षात काय करावे? पहिली गोष्ट, विश्वासातल्या एका तरी माणसाला सांगावे. आई, वडील, मोठा भाऊ, शिक्षक, कोणीही. दुसरी, घडलेले लिहून ठेवावे. दिनांक, वेळ, स्थळ, कोण होते, काय बोलले, कोणी पाहिले. भ्रमणध्वनीवर आलेले संदेश पुसू नयेत. इजा झाली असल्यास शासकीय रुग्णालयात तपासणी करून दाखला घ्यावा. तिसरी, तक्रार लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते. चौथी, संस्थेत जाण्याची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी दूरध्वनी करावा. पीडिताच्या वतीने दुसऱ्यालाही तो करता येतो. तात्काळ संकटात ११२ हा क्रमांक आहे.

विद्यार्थिनीचा लैंगिक छळ झाला असेल तर त्यासाठी स्वतंत्र वाट आहे. २०१३ चा कायदा आणि त्याला अनुसरून आयोगाने केलेले विनियम यांन्वये प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षस्थानी महिला आणि सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांत करावयाची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावयास हवी. छळ करणारा विद्यार्थी असो, शिक्षक असो वा कर्मचारी, नियम एकच.

तरीही तोंड का उघडत नाही

इतके सारे असताना मुले बोलत का नाहीत? कारण त्यांना 'चुगलखोर' ठरण्याची भीती वाटते. वसतिगृहात ज्यांच्यासोबत चार वर्षे काढायची, त्यांनीच वाळीत टाकले तर काय, हा प्रश्न अठरा वर्षांच्या मनाला कायद्याच्या कलमाहून मोठा वाटतो. मुलग्याला 'एवढेही सहन होत नाही का' या टोमण्याची धास्ती असते. मुलीला 'घरी कळले तर शिक्षणच थांबेल' याची. आणि पुष्कळदा मूल सांगते, तेव्हा घरूनच उत्तर येते, 'एक वर्ष काढ, मग सगळे ठीक होईल.'

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या वनवासी समाजातील तरुणीने जीवनयात्रा संपविली. आपल्या समाजातून इतक्या उंचीवर पोहोचलेल्या मोजक्या मुलींपैकी ती एक होती. वरिष्ठांकडून जातीवरून अपमान होत असल्याचे ती घरी सांगत होती आणि वरिष्ठांच्या कानावर घालूनही दखल घेतली गेली नाही, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे दोष कोणाचा, हे न्यायालयच ठरवील. परंतु एक गोष्ट निकालावाचूनही उघड आहे. जळगाव जिल्ह्यातून डॉक्टर होण्यासाठी निघालेली ही मुलगी मुंबईसारख्या महानगरात अखेरच्या दिवशी एकाकी होती. समरसतेचा उच्चार करणाऱ्या प्रत्येकाला हा एकाकीपणा बोचला पाहिजे. वसतिगृहात कोणाच्या राखीव जागेवरून, कोणाच्या आडनावावरून, कोणाच्या अहिराणी वा वऱ्हाडी बोलीवरून हसे होत असेल, तर तेथे हिंदू समाजाच्या एकतेवरच घाव पडत असतो. तो घाव बाहेरचा कोणी घालीत नाही.

सभेतील मौन

कुरुसभेचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नावर भीष्म-द्रोणांसारखे ज्येष्ठ निरुत्तर बसले. त्या सभेत विदुर बोलला, आणि आणखी एक जण उठून उभा राहिला, तो विकर्ण. हा विकर्ण धृतराष्ट्राचा पुत्र, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. वयाने लहान, सभेत एकटा, आणि स्वपक्षाच्या विरुद्ध बोलणारा. कर्णाने त्याला झिडकारले, सभेने त्याचे ऐकले नाही. पण शतकानुशतके त्या सभेची आठवण निघते तेव्हा अधर्माला अधर्म म्हणणारा म्हणून त्याचे नाव निघतेच.

प्रत्येक वसतिगृहात अशी एक सभा भरत असते. छळणारे तीन-चार असतात, छळ सोसणारा एक असतो, आणि पाहणारे तीस-चाळीस. त्या तीस-चाळिसांतून एक विकर्ण उठला तर पुष्कळदा प्रसंग तेथेच थांबतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात पुकोड येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि त्यानंतर तो मृतावस्थेत आढळला. वसतिगृह मुलांनी भरलेले होते. अटक झालेल्यांत स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडियाचे स्थानिक पदाधिकारी होते. प्रकरण पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. संघटनेचा धाक असला की पाहणाऱ्यांच्या जिभा कशा गोठतात, याचे हे दाहक उदाहरण आहे.

मात्र हे उदाहरण देऊन थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. विरोधी विचारांच्या संघटनेकडे बोट दाखविणे सोपे असते. उद्या छळ करणारा आपल्या परिचयातला, उत्तम घोष वाजविणारा, कार्यक्रमात पुढे असणारा निघाला तर? 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' हा न्याय कार्यकर्त्याला शोभत नाही. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी दुर्वर्तन केल्याची वार्ता शिवरायांच्या कानी गेली. तो पाटील परका नव्हता, आपल्याच मुलखातला वतनदार होता. १६४६ चे पत्र सांगते की महाराजांनी त्याला आणविले, चौकशी केली, गोष्ट खरी ठरली आणि मग कठोर शासन केले. या क्रमात तीनही गोष्टी आहेत. तक्रार ऐकली गेली, शहानिशा झाली, आणि माणूस कोणाचा हे न पाहता शिक्षा झाली. शहानिशेचा टप्पाही तितकाच मोलाचा आहे. तक्रार म्हणजे निकाल नव्हे. आरोप झालेल्या मुलालाही आपली बाजू मांडता आली पाहिजे. पण शहानिशेच्या नावाखाली तक्रार दडपणे हा न्याय नव्हे.

आधाराचे घर

तक्रार नोंदविली म्हणजे काम संपले, असे होत नाही. खरी परीक्षा त्यानंतरच्या दिवसांत असते. खोलीतले बोलणे बंद होते, भोजनगृहात शेजारची खुर्ची रिकामी राहते, 'मागे घे' असा दबाव येतो. या दिवसांत त्या मुलाला माणसांचा आधार हवा असतो, आणि येथे कार्यकर्त्यांचे व कुटुंबांचे खरे काम आहे.

विद्यार्थी परिषदेच्या प्रेरणेने १९६० च्या दशकापासून चाललेला आंतरराज्य छात्र जीवन दर्शन हा उपक्रम अनेकांना परिचित असेल. पूर्वांचलातील विद्यार्थी देशाच्या अन्य भागांत येतात, तेथील कुटुंबांत राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जेवतात आणि परतताना नाते घेऊन जातात. २०१४ मध्ये अरुणाचलच्या एका तरुणाला दिल्लीत रूपावरून हिणविल्यानंतर झालेल्या मारहाणीत प्राण गमवावे लागले, तेव्हा अशा नात्यांची केवढी गरज आहे, हे देशाला कळले. हीच कल्पना आपल्या गावात लहान प्रमाणात सहज राबविता येईल. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग वा मणिपूरहून आलेल्या एकेका विद्यार्थ्याला शहरातील एकेका कुटुंबाने आपले मानावे. महिन्यातून एकदा रविवारी जेवायला बोलवावे. आठवड्यातून एकदा विचारपूस करावी. एवढेच पुरे आहे. ज्याच्या पानात प्रेमाने दुसरी पोळी वाढली जाते, तो पोर एखाद्या दिवशी पानावर बसून आपोआप बोलू लागतो.

पालकांनीही काही खुणा ओळखाव्यात. नेहमी बडबडणारे मूल दूरध्वनीवर दोन शब्दांत बोलणे आटोपू लागले, सुटी संपताना त्याच्या पोटात दुखू लागले, वारंवार पैसे मागू लागले, झोप उडाली, अभ्यास एकाएकी ढासळला, तर 'लाड पुरे झाले' असे म्हणण्यापूर्वी पहिली गाडी पकडून त्याच्याकडे जावे. मन खचले असेल तर समुपदेशकाकडे नेण्यात कमीपणा नाही. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते आणि मराठीतूनही बोलता येते. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालताना कोणी लाजत नाही. खचलेल्या मनाला आधार देताना का लाजावे?

वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. नवागताची ओळख करून घ्यायची ना? मग त्याला खाणावळ दाखवा, जुनी पुस्तके द्या, ग्रंथालयाचा अर्ज भरून द्या, तापात औषध आणून द्या. ज्या वरिष्ठाने पहिल्या आठवड्यात सामान उचलू लागले, त्याचे नाव माणूस साठाव्या वर्षीही काढतो.

सहनशीलता हा मोठा गुण आहे. ध्येयासाठी कष्ट सोसावेत, समाजासाठी अपमानही सोसावा. परंतु अन्याय करणाऱ्याची सोय व्हावी म्हणून सोसणे हा संस्कार नाही. आपले मूल एकदा अन्यायाविरुद्ध उभे राहिले, तर त्याच्या मागून येणाऱ्या दहा मुलांची वाट निर्धोक होते. म्हणून यंदा लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर घरचा क्रमांक, त्या गावातल्या एका परिचित कुटुंबाचा क्रमांक आणि मदत क्रमांक, असे तीन क्रमांक आपल्या हाताने लिहून द्या. आणि निरोप देताना ते राहून गेलेले वाक्य आवर्जून उच्चारा. 'काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग. तू चुकला असशील तरी सांग. आम्ही रात्री दोन वाजताही फोन उचलू.'

आणि तो फोन आला, तर पहिला प्रश्न 'तू काय केलेस' हा नसावा. 'तू कोठे आहेस, आम्ही निघतो,' हे उत्तर असावे.